जिथे चार थर भेटतात: एकाच प्लास्टिकच्या पाउचच्या नोंदी

६ जानेवारी २०२५

आज काम हातात आलं. भाजलेल्या बदामांचं २०० ग्रॅमचं पाउच, मुदत सहा महिने. मुदत तीच ठेवायची, भरणारं मशीन तेच राहणार. मात्र वापरून झाल्यावर त्या पाउचचं पुन्हा प्लास्टिक करता आलं पाहिजे. आताच्या पाउचचं ते करता येत नाही.

आताची रचना अशी: बाहेर १२ मायक्रॉन पॉलिस्टर, म्हणजे पीईटी, त्याच्या आतल्या अंगाला छपाई. मग १२ मायक्रॉन मेटलाइज्ड, म्हणजे धातूचा लेप दिलेलं, पॉलिस्टर. सगळ्यात आत ५० मायक्रॉन पॉलिथिन. मध्ये दोनदा अ‍ॅडेसिव्ह. वजनाचा हिशेब मांडला तर चौरस मीटरला सुमारे ८६ ग्रॅम भरतात. त्यात पॉलिथिन ४६, पॉलिस्टर जवळजवळ ३४, उरलेलं शाई आणि अ‍ॅडेसिव्ह. म्हणजे निम्म्याहून थोडंसं जास्त एक प्लास्टिक आणि बाकी दुसरं, दोन्ही एकमेकांना कायमचे चिकटलेले.

दुपारी एक कोपरा नखाने सोलायला घेतला. अर्धा सेंटिमीटर सुटला आणि फिल्मच फाटली, थर काही वेगळे झाले नाहीत. टेबलावर बसून, भिंग लावून मला जे जमलं नाही, ते कचरा निवडणाऱ्या यंत्राला कसं जमणार?

तरी ही रचना ज्यांनी बसवली त्यांनी चूक केली असं मी म्हणणार नाही. पॉलिस्टर उष्णता सोसतं, ताणलं जात नाही, छपाई चकचकीत दिसते. अ‍ॅल्युमिनियमचा थर ३० ते ५० नॅनोमीटरचा, केसाच्या जाडीचा हजारावा भागही नाही, आणि तेवढाच ऑक्सिजन आणि उजेड अडवतो. पॉलिथिन वितळून सील होतं. प्रत्येक थर आपलं काम चोख करतो. एका प्लास्टिकमध्ये जायचं तर ही सगळी कामं एकालाच शिकवावी लागतील. पुढचे सहा-सात महिने त्यातच जाणार.

९ जानेवारी

पर्यायांवर बैठक. तीन तास चालली आणि ते बरंच झालं.

गटात नव्याने आलेली मुलगी कंपोस्ट होणाऱ्या फिल्मच्या बाजूने मनापासून बोलली. “ताई, शेवटी जे मातीत जातं तेच खरं ना?” तिचा प्रश्न वरवरचा नव्हता, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवं होतं. ईएन १३४३२ हे मानक काय मागतं ते फळ्यावर लिहिलं: १२ आठवड्यांनंतर २ मिलिमीटरच्या चाळणीवर १० टक्क्यांहून जास्त तुकडे उरता कामा नयेत, आणि सहा महिन्यांत ९० टक्के जैवविघटन झालं पाहिजे. पण या चाचण्या औद्योगिक कंपोस्टच्या परिस्थितीतल्या, म्हणजे ५८ अंशांच्या आसपासच्या. पीएलए हे प्लास्टिक मक्यापासून किंवा उसापासून बनतं म्हणून ते बागेतल्या खड्ड्यात विरघळेल असं नाही. थंड मातीत ते वर्षानुवर्षं तसंच पडून राहू शकतं. उलट पीबीएटी हे प्लास्टिक खनिज तेलापासून बनतं आणि तरी त्याचं विघटन होतं. वस्तू कशापासून बनली आणि तिचं शेवटी काय होतं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. आमच्यातल्या चौघांचा इथेच घोळ होत होता.

आणि बदाम? पीएलए पाण्याची वाफ भरपूर सोडतं. नुसत्या पीएलएच्या पाउचात बदाम काही आठवड्यांत सादळतील. सेलोफेनचंही असंच झालं होतं. स्विस रसायनशास्त्रज्ञ ब्रँडनबर्गर यांनी ती फिल्म १९०८ मध्ये शोधली, पण ओलसर हवेत ती टिकेना. १९२७ मध्ये आर्द्रता रोखणारा लेप आला तेव्हा कुठे ती अन्नाच्या पाकिटांना खऱ्या अर्थाने उपयोगी पडू लागली. शंभर वर्षांपूर्वीची ती अडचण आजही जशीच्या तशी आहे. जिथे पाकिटाला ओलं अन्न चिकटून राहतं आणि दोन्ही एकत्रच कंपोस्टला जातात, तिथे ही फिल्म शोभते. कोरड्या, तेलकट, सहा महिने टिकवायच्या पदार्थाला शोभत नाही. तिला हे पटलं. पण तिने वहीत लिहून ठेवलं: “पाच वर्षांनी पुन्हा तपासायचं.” मीही लिहून ठेवलं.

कागदावर फार वेळ घालवला नाही. तेल आणि वाफ अडवायची तर लेप हवा, आणि घडीवर लेप तडकतो. पीएफएएस वर्गातली, म्हणजे निसर्गात सहज न विघटणारी फ्लोरिनयुक्त रसायनं लावून तेल अडवायचा जुना मार्ग आम्ही कोणीही घेणार नाही.

राहिले पीपी, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, आणि पीई, म्हणजे पॉलिथिन. पीपीमध्ये बाहेरचा ताणलेला थर १६० अंशांपलीकडे वितळतो, त्यामुळे मशीनवर त्रास कमी, हे मला ठाऊक आहे. तरी पीई घेतलं. मऊ फिल्म गोळा करून तिचं पुन्हा प्लास्टिक करण्याची व्यवस्था जिथे उभी आहे, तिथे ती मुख्यतः पीईची आहे. पाउच शेवटी जाणार कुठे, हे आधी पाहायचं ठरलं होतं.

२१ जानेवारी

रचना कागदावर आली. बाहेर २५ मायक्रॉन एमडीओ-पीई, म्हणजे लांबीच्या दिशेने कित्येक पट ताणून कडक केलेलं पॉलिथिन. आत ६० मायक्रॉनची एकत्र फुगवलेली फिल्म, तिच्या पोटात २ मायक्रॉन ईव्हीओएच, हे ऑक्सिजन अडवणारं प्लास्टिक, दोन्ही बाजूंना जोडथर. अ‍ॅडेसिव्ह एकदाच.

हिशेब: एकूण ८३.५ ग्रॅम प्रति चौरस मीटर. त्यात ईव्हीओएच २.४ ग्रॅम, म्हणजे २.९ टक्के. शाई आणि अ‍ॅडेसिव्ह धरून पीई नसलेलं सगळं मिळून पावणेआठ टक्क्यांच्या आत. मऊ फिल्मच्या रचनेसाठी ज्या मार्गदर्शिका वापरात आहेत त्यांत ईव्हीओएचला ५ टक्क्यांची मर्यादा सांगितली आहे. आपण आत आहोत.

ईव्हीओएच ऑक्सिजन उत्तम अडवतं, पण कोरडं असेपर्यंतच. ओल लागली की त्याची ताकद झपाट्याने घटते. पुरवठादाराच्या कागदावरचा आकडा शून्य टक्के आर्द्रतेचा असतो, आणि शून्य टक्के आर्द्रतेत कोणतंही पाउच जगत नाही. म्हणून तो थर ठेवायचा कुठे, यावर आजचा दिवस गेला. बदाम कोरडे असतात, आतली आर्द्रता ३० टक्के धरली. बाहेर ७५. ईव्हीओएच आतल्या बाजूला सरकवून त्याच्या आत फक्त २० मायक्रॉन पीई ठेवलं, तर त्या थराला ४० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता लागते. तोच थर बाहेरच्या बाजूला सरकवला तर ६० च्या वर. माल तोच, जाडी तीच, वजन तेच. फक्त जागा बदलली. आतल्या बाजूला ठेवायचं ठरलं. ओला पदार्थ असता तर उलट केलं असतं.

११ फेब्रुवारी

युरोपीय संघाचा पॅकेजिंगचा नवा नियम, २०२५/४०, आजपासून अमलात आला. प्रत्यक्ष लागू होणार १२ ऑगस्ट २०२६ पासून, आणि २०३० पर्यंत सगळं पॅकेजिंग पुनर्वापराच्या साखळीत बसणारं करायचं आहे. अन्नाला लागणाऱ्या पॅकेजिंगमधल्या पीएफएएसवरही त्याच ऑगस्टपासून मर्यादा. सरांनी सकाळी सगळ्यांना पाठवलं. चार ओळींत लिहिलं होतं की आपला प्रकल्प आता कोणी हौस म्हणू शकणार नाही. बरं वाटलं.

शाईतला रंग धरून ठेवणारा बाइंडर ठरला: नायट्रोसेल्युलोज नको, पॉलियुरेथेन. नायट्रोसेल्युलोज पुन्हा वितळवताना जळतं, रंग पिवळट-तपकिरी होतो, वास येतो. छपाईवाल्यांना त्याच शाईची सवय आहे, सुकते पटकन, म्हणून थोडी कुरकुर झाली. काळा रंगही बदलला. कार्बन ब्लॅक निवड-यंत्राचा अवरक्त किरण गिळून टाकतो, मग यंत्राला ते प्लास्टिक दिसतच नाही.

३ मार्च

छपाईची पहिली चाचणी. पॉलिस्टरच्या सवयीच्या हातांना पॉलिथिन म्हणजे रबर वाटतं. टेन्शन, म्हणजे फिल्मवरची ओढ, जरा वाढलं की फिल्म लांबते आणि चौथा रंग पहिल्यावर बसत नाही. अक्षरांच्या कडेला लाल सावली दिसत होती. टेन्शन उतरवून आणि ड्रायरचं तापमान कमी करून रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग बसणं, जागेवर आणलं. वेग गेला.

दुसरा त्रास शाईच न धरण्याचा. टेप लावून ओढली की शाई टेपवर. फिल्मचा पृष्ठताण मोजला तर ३४ डाइन. किमान ३८ हवा. रोल निघताना ४० होता, असं कागद सांगतो. शाई धरावी म्हणून फिल्मला विजेची जी कोरोना ट्रीटमेंट देतात, तिचा असर दिवसागणिक उतरतो आणि आमचा रोल पाच आठवडे गोदामात होता. चूक आमच्या नियोजनाची. छपाईयंत्रावरच पुन्हा ट्रीटमेंट देऊन काम पुढे नेलं. यापुढे रोलवर फुगवल्याची तारीख मोठ्या अक्षरांत.

१९ मार्च

मशीनवर पहिला दिवस.

जुन्या लॅमिनेटला, म्हणजे चिकटवलेल्या थरांच्या त्या फिल्मला, सीलिंग जॉ, म्हणजे सील दाबणारा तापलेला जबडा, १३० ते १८० अंशांत कुठेही ठेवा, चालतं. बाहेरचं पॉलिस्टर अडीचशेच्या पुढे वितळतं, त्याला काही होत नाही. म्हणून इतकी वर्षं तापमानाकडे कोणी बारकाईने पाहिलंच नाही. आता आतही पीई, बाहेरही पीई. उष्णता बाहेरून आत जाते, म्हणजे आतला थर वितळायच्या आधी बाहेरच्याला सोसावं लागणार.

१२० वर सील उघडत होतं. १२५ वर कडेने धरलं, मध्ये नाही. १३० वर धरलं. १३५ वर फिल्म जॉला चिकटली, पुढचं पाउच ओढलं गेलं, त्याच्या पुढचं फाटलं आणि बदाम जमिनीवर. मशीनवरचे काका तीस वर्षं हेच करतात. त्यांनी जॉ उघडून पितळी ब्रशने खरवडलं, पांढरट थर हातात घेऊन दाखवला आणि म्हणाले, “मॅडम, पाच अंशांवर मी मशीन चालवू शकत नाही. जॉचं तापमानच तेवढं खाली-वर होतं.”

त्यांचं बरोबर आहे. यात कारागिरीचा दोष नाही, रचनेचाच आहे. सीलचा थर साध्या एलएलडीपीईचा, म्हणजे नेहमीच्या पॉलिथिनचा, ठेवला ही चूक होती. सुरुवातीला किफायतीचा विचार करून मीच तो होकार दिला होता.

२० मार्च

कालचे बदाम मोजले. सात किलो वाया गेले. नोंद करून ठेवते, कारण हा प्रकल्प त्या बदामांसाठीच आहे. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाचा २०२४ चा अहवाल सांगतो की २०२२ या एका वर्षात जगात १०५ कोटी टन अन्न वाया गेलं. पिकवायला, भाजायला, वाहून आणायला जी ऊर्जा आणि पाणी लागतं, त्याच्यापुढे पाउचच्या फिल्मचा भार बहुतेक वेळा लहान असतो. पाउच कितीही चांगलं असलं आणि आतला माल खवट झाला, तर आपण पर्यावरणाचं नुकसानच केलं.

७ एप्रिल

नवी फिल्म आली. सीलच्या थरात आता मेटॅलोसीन प्लास्टोमर, म्हणजे जास्त मऊ जातीचं पॉलिथिन, ज्याचं सील बरंच खाली, नव्वदीच्या आसपास धरायला लागतं. बाहेरच्या थरावर छपाईनंतर उष्णता सोसणारं वार्निश. जॉवर टेफ्लॉनचं कापड.

आज १०८ वर सील धरलं. १३० पर्यंत बाहेरचा थर शाबूत. बावीस अंशांची मोकळीक. काकांनी काही न बोलता वेग वाढवत नेला: मिनिटाला तीस, चाळीस, बेचाळीस. बेचाळीसच्या पुढे खालचं सील उघडू लागलं, कारण सील गरम असतानाच वरून बदाम आदळतात. हॉट टॅक, म्हणजे गरम सीलची पकड, कमी पडतो. जुना वेग पंचावन्न. तरी आजचा दिवस चांगला.

ओढून पाहिलेल्या सीलची ताकद १५ मिलिमीटर रुंदीला सरासरी २६ न्यूटन. जुन्याची ३८ होती. पदार्थ हलका आहे, २६ पुरेसे आहेत.

८ एप्रिल

पुरेसे नाहीत. किंवा ताकद हा मोजण्याचा मुद्दाच नव्हता.

निर्वात टाकीत पाण्याखाली पन्नास पाउच तपासली. अकरांमधून बुडबुडे आले. सगळ्यांची जागा एकच: पाठीमागचं उभं सील जिथे वरच्या आडव्या सीलला छेदतं, तो बिंदू. इतर ठिकाणी दोन थर एकमेकांना चिकटतात. तिथे चार थर एकावर एक येतात आणि लगेच बाजूला पुन्हा दोनच. तो जो पायरीचा कोपरा असतो, तिथे केसाएवढी नळी उरते.

एक पाउच टाकीतून काढून पुन्हा बुडवलं आणि नुसतं त्या बिंदूकडे पाहत राहिले. आधी काहीच नाही. मग सीलच्या कडेला एक ठिपका चमकला, फुगला, सुटला. दोन-तीन सेकंदांनी दुसरा. त्याच जागेवरून, त्याच लयीत. सीलची पट्टी डोळ्यांना अगदी निर्दोष दिसत होती, दात्यांचे ठसे सरळ, सुरकुती नाही. ओढली असती तर फिल्म तुटली असती, सील उघडलं नसतं. इतकं मजबूत सील आणि तरी गळकं.

आज घरी गेल्यावरही तोच ठिपका दिसत होता.

२२ एप्रिल

दोन आठवडे त्या बिंदूवरच. निळं रंगद्रव्य आत सोडून पाउच कापली, पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले. निळी रेघ बरोबर पायरीच्या तळाशी. लांबी पाउण मिलिमीटर.

जुन्या लॅमिनेटमध्ये ही नळी का नव्हती? तिथे जॉ खुशाल १६० वर असायचा. ५० मायक्रॉनचं पॉलिथिन इतकं पातळ व्हायचं की वाहून खड्डा आपोआप भरायचा. आपण तापमान खाली आणलं आणि ती वाहण्याची सवय हिरावून घेतली. आता सीलच्या थराला कमी तापमानातही वाहून कोपरा बुजवता आला पाहिजे. प्लास्टोमर वाहतं, पण आमचा सीलचा थर जेमतेम ८ मायक्रॉन होता. पायरी बुजवायला एवढा माल पुरत नाही.

बदल दोन केले. आतल्या २० मायक्रॉनपैकी १४ मायक्रॉन प्लास्टोमर. एकूण जाडी तीच. आणि जॉचे दाते बदलले: खोल आडव्या खाचांऐवजी उथळ उभ्या, आणि छेदबिंदूच्या जागी बारीक खोबण, म्हणजे चार थरांवर दाब जास्त आणि दोन थरांवर कमी असं होणार नाही. ही दुसरी सूचना काकांची. त्यांनी सिगारेटच्या पाकिटाएवढ्या कागदावर चित्र काढून दिलं, ते मी वहीत चिकटवलं आहे. यंत्राच्या दाबाबद्दलची त्यांची जाण आमच्या कुठल्याही आलेखात नव्हती.

१४ मे

तिसरी फेरी. ११२ अंश, मिनिटाला पन्नास पाउच, चार तास न थांबता. दर अर्ध्या तासाला दहा पाउच टाकीत. ऐंशीपैकी एकातून बुडबुडे. ते एक कापलं तर सीलमध्ये बदामाच्या सालीचा कण. म्हणजे फिल्म निर्दोष, भरण्याच्या नळीजवळचा भुसा काढावा लागेल. तिथे हवेचा झोत बसवायला सांगितलं.

पन्नास म्हणजे पंचावन्न नव्हे. हे उत्पादनवाल्यांना स्पष्ट लिहून दिलं. लपवून ठेवलं तर पहिल्या महिन्यातच कोणीतरी तापमान चढवून वेग गाठेल आणि सगळं पुन्हा जॉला चिकटेल.

१६ मे

ऑक्सिजनचा हिशेब अखेर पूर्ण मांडला. हा आधीच करायला हवा होता.

पाउचचं क्षेत्रफळ दोन्ही बाजू मिळून ०.०७ चौरस मीटर. या आर्द्रतेत फिल्ममधून दिवसाला चौरस मीटरमागे साधारण ४ मिली ऑक्सिजन जातो, पण हा आकडा शुद्ध ऑक्सिजनचा. हवेत तो २१ टक्केच. १८० दिवसांत भिंतीतून आत येणार ते १०-११ मिली. आता दुसरी बाजू: पाउचात बदामांभोवती सुमारे ३०० मिली वायू. नायट्रोजन भरून उरलेला ऑक्सिजन २ टक्क्यांवर आणला तर ६ मिली. नायट्रोजन भरलाच नाही तर ६३ मिली, पहिल्याच दिवशी. आणि कोपऱ्यातून गळतं पाउच काही दिवसांत जवळजवळ हवेसारखंच होतं.

मेटलाइज्ड थराचा आकडा दिवसाला १ मिलीच्या आसपास, आपला ४. महिनाभर बैठकांमधून या १ आणि ४ वर वाद झाला. भिंतीतला तो फरक सहा महिन्यांत ८ मिलीचा. एका गळक्या कोपऱ्याचा फरक त्याच्या कित्येक पट. शिवाय मेटलाइज्ड फिल्म चुरगळली की धातूचा थर तडकतो आणि तो १ चा आकडा राहत नाही. फिल्मइतकंच लक्ष सील आणि नायट्रोजनकडे द्यायचं. आजपासून दर तासाला दोन पाउचमधला उरलेला ऑक्सिजन मोजायचा.

२ जून

पुनर्प्रक्रियेची चाचणी. इतक्या वेळा “पुन्हा प्लास्टिक होईल” म्हटलं, ते डोळ्यांनी पाहायचं होतं.

तीन ढीग वेगवेगळे चालवले. जुनं लॅमिनेट. नायट्रोसेल्युलोज शाईने छापलेला एमडीओ रोल. आणि आताचं पाउच.

पाण्याच्या टाकीत आताच्या पाउचचे तुकडे तरंगले. जुन्या लॅमिनेटचे पाण्याच्या मधोमध लोंबकळत राहिले, काही बुडाले, काही वर. पॉलिस्टरची घनता १.४ च्या जवळ, पॉलिथिनची ०.९२, दोघांची बांधलेली जोडी १ च्या, म्हणजे पाण्याच्या, जवळपास. टाकीला कळतच नाही कुठे पाठवायचं.

मग एक्स्ट्रूडर, म्हणजे प्लास्टिक वितळवून पुढे ढकलणारं यंत्र, २०० अंश. जुन्या लॅमिनेटने वीस मिनिटांत गाळणी बंद केली. जाळी काढली तेव्हा हातात आला चुरडलेला, चमकणारा कोंडा: न वितळलेलं पॉलिस्टर, एकेका कणावर चांदीची झाक. तो कोंडा मी डबीत भरून आणला आहे. पुढच्या बैठकीत आलेख दाखवण्यापेक्षा डबी फिरवणार.

नायट्रोसेल्युलोजचा ढीग वितळला, पण दाणे चहाच्या रंगाचे, आत बुडबुडे, वास जळक्या साखरेचा. आताच्या पाउचचे दाणे करड्या-हिरवट रंगाचे. थोडा वास आहे, नाही म्हणणार नाही. निम्मे नवीन पीईमध्ये मिसळून फिल्म फुगवली, फुगा तुटला नाही. ईव्हीओएचचे काही बारीक जेल, म्हणजे न मिसळलेले ठिपके, दिसले. या फिल्ममध्ये पुन्हा अन्न भरता येणार नाही, तशी अपेक्षाही नव्हती. वापरलेल्या पीई फिल्ममधून पुन्हा अन्नयोग्य पीई करणं आजच्या यांत्रिक पद्धतीने फार अवघड आहे. हिची पिशवी होईल, शेतातलं आच्छादन होईल, वेष्टनाची फिल्म होईल.

१९ जून

मायग्रेशनचा, म्हणजे फिल्ममधून अन्नात किती उतरतं याचा, अहवाल आला. वनस्पती तेलात ४० अंशांवर दहा दिवस. मर्यादा चौरस डेसिमीटरला १० मिलिग्रॅम, आपलं त्याच्या बरंच खाली.

पाउचवरच्या मजकुरावरून वाद झाला. विक्री विभागाला हिरवं पान आणि “पर्यावरणस्नेही” हवं होतं. मी सही करायला नकार दिला. “पर्यावरणस्नेही” या शब्दाची कुठलीही चाचणी नसते. ज्याच्या घराजवळ मऊ फिल्म गोळाच होत नाही, त्याच्या हातात हे पाउच कचराच आहे, आणि त्याला आपण पान दाखवून खोटं समाधान द्यायचं? माणसं पाकिटावर छापलेल्यावर विश्वास ठेवतात. तो विश्वास एकदा गेला की पुढच्या खऱ्या सुधारणेवरही कोणाचा बसत नाही.

सरांनी दोन्ही बाजू ऐकल्या. शेवटी ठरलेला मजकूर: “हे पाउच एकाच प्रकारच्या प्लास्टिकचं, पॉलिथिनचं आहे. मऊ प्लास्टिक गोळा करण्याची सोय असेल तिथे रिकामं करून द्या.” पान नाही. पुनर्वापराच्या त्रिकोणात ४ हा अंक. नव्या मुलीने “रिकामं” या शब्दावर जोर द्यायला सांगितलं, तेलकट चुरा आत राहिला तर धुणं वाढतं. तो शब्द ठळक करतोय.

१८ ऑगस्ट

बारा आठवडे झाले. मे अखेरीस भरलेली पाउच, काही साध्या तापमानाला, काही ३८ अंश आणि ९० टक्के आर्द्रतेत. सोबत जुन्या लॅमिनेटची तेवढीच.

आधी मोजमाप. साध्या तापमानाच्या पाउचमधला ऑक्सिजन नव्यात ३.९ टक्के, जुन्यात २.६. पेरॉक्साइड, म्हणजे तेल खवट होऊ लागल्याची खूण, दोन्हींत मर्यादेच्या आत, नव्यात थोडं जास्त. ओलावा जवळपास सारखा. गरम खोलीतल्या नव्या पाउचपैकी एकाचा ऑक्सिजन १७ टक्के निघाला. टाकीत बुडवलं. कोपऱ्याचा बिंदू कोरडा. गळत होतं खालच्या सीलमधून, सालीचा कण. झोत बसवायच्या आधीच्या तासातलं पाउच.

मग चव. आठ जण, पाउचवर फक्त अंक. काकांनाही बसवलं, ते आधी नको म्हणत होते. १७ टक्क्यांच्या पाउचचा वास सगळ्यांनी ओळखला, जुन्या तेलाचा, रंगाच्या डब्यासारखा. बाकीच्यांत जुनं कुठलं आणि नवं कुठलं हे आठांपैकी तिघांनीच सांगायची हिंमत केली, आणि त्या तिघांतल्या एकाने नव्यालाच जुनं म्हटलं. काकांनी दोन्ही वाट्यांतला एकेक बदाम दाताखाली मोडून आवाज ऐकला आणि म्हणाले, “कुरकुरीत आहेत की दोन्ही.”

उरलेली चाळीस पाउच पुन्हा कपाटात, नोव्हेंबरअखेरपर्यंत. झोताची नळी रोज पाळीच्या सुरुवातीला साफ करायची, हे मशीनच्या कागदावर आजच लिहून घेतलं. छपाईच्या सिलिंडरची ऑर्डर मात्र नोव्हेंबरचा आकडा पाहिल्याशिवाय देणार नाही.